चहा, ताक, सरबत ‘पाण्यात’ धरायचं की नाही? (आईसाठी विचारतेय)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आमच्या घरात चार दिवस एकाच गोष्टीवरून वाद चाललाय, म्हणून धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. कामदा एकादशीला काळारामाच्या मंदिरातून रथ निघतो, तेव्हा आई दरवर्षी दर्शनाला रस्त्यावर उभी राहते. यंदाही चार वाजल्यापासून उभी होती. एकादशी, त्यामुळे सकाळपासून पोटात थोडी भगर आणि चहा. रथ अजून दिसायचा होता, तेवढ्यात तिने माझा हात घट्ट धरला आणि समोरच्या घराच्या पायरीवर बसली. ओठ पांढरे पडलेले, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी कमी पडलंय, दिवसाला दोन लिटर पोटात गेलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी भाऊ खुणा असलेली बाटली घेऊन आला. सकाळी आठपर्यंत इथवर, दहापर्यंत इथवर, अशा रेघा आहेत तिच्यावर. त्याच्या मते त्या बाटलीतलं पाणीच मोजायचं, बाकी काही धरायचं नाही. आई म्हणते, “मी दिवसभर पितेच आहे की. चहा काय कोरडा असतो का?”

मी आमचं फुलपात्र मापाने मोजलं, १८० मिली भरलं. आईचा कप १२० मिलीचा. एरवीच्या दिवशी ती चार चहा घेते (४८०), जेवताना दोन फुलपात्रं ताक (३६०), रात्री दूध (१५०), आणि साधं पाणी मोजून चार फुलपात्रं (७२०). भावाच्या हिशोबाने आईचं पाणी ७२० मिली. आईच्या हिशोबाने १७१०. दोघांत जवळजवळ एक लिटरचा फरक आहे आणि एका लिटरच्या फरकावर मी निर्धास्त राहू शकत नाही. खरं काय ते कुणी सांगेल का? आईला बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही.

सातपूरकर

ताई, तुमच्या भावाचं बरोबर आहे. पाणी म्हणजे पाणी. चहाने लघवी जास्त होते, म्हणजे जेवढं आत जातं त्याहून जास्त बाहेर पडतं. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर ११ वर्षं काम केलं. उन्हाळ्यात अंगातून घाम नुसता गळायचा. पाणी बेचव लागायचं म्हणून सुट्टीत कोल्ड्रिंक आणि घरी जाताना उसाचा रस. मनात हिशोब असा, की पातळ पोटात जातंय ना, झालं. चौथ्या वर्षी मूतखडा झाला, ७ मिमीचा. ती कळ दुश्मनालाही येऊ नये. तेव्हापासून मी फक्त साधं पाणी मोजतो. आईंनाही तीच सवय लावा.

परिचारिका_ना

गोदाकाठची ताई, मी इथल्याच एका डायलिसिस विभागात काम करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे रोज वजनकाट्यावर दिसतं.

ज्यांच्या किडन्या बंद पडल्यात त्यांना लघवी जवळपास होतच नाही. त्यामुळे एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत जे काही पातळ पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगातच साठतं. एक लिटर साठलं की वजन एक किलोने वाढतं. आमच्याकडे पेठ तालुक्यातले एक शेतकरी बाबा येतात. सुरुवातीला दर वेळी तीन-साडेतीन किलो वाढून यायचे आणि अगदी शपथेवर सांगायचे, “सिस्टर, पाण्याला शिवलो नाही.” खरंच शिवलेले नसायचे. चहा, आमटीचा रस्सा, दूध आणि तोंड कोरडं पडलं की बर्फाचा खडा, हे मात्र चालू असायचं. काट्याला चहा आणि पाण्यातला फरक कळत नाही.

मग त्यांच्या बायकोला आम्ही एक युक्ती शिकवली. डॉक्टरांनी जेवढं पातळ ठरवून दिलंय तेवढं पाणी सकाळी बाटलीत भरून ठेवायचं. बाबांनी कपभर चहा घेतला की त्याच कपाने बाटलीतलं कपभर पाणी झाडाला घालायचं. वाटीभर रस्सा घेतला की वाटीभर पाणी झाडाला. बाटली संपली की त्या दिवसाचं पिणं संपलं. आता बाबा दीड-दोन किलोच्या वर वाढत नाहीत.

आता तुम्हीच सांगा, जो चहा पेठच्या बाबांच्या अंगात पाणी म्हणून साठतो, तो तुमच्या आईंच्या अंगात गेल्यावर पाणी राहत नाही असं कसं होईल? आईंचा हिशोब बरोबर आहे. १७१० धरा.

सातपूरकर दादा, तुमच्या खड्याबद्दल वाईट वाटलं. पण त्यात दोष पातळपणाचा नसून त्यातल्या साखरेचा असावा. साखरेची कोल्ड्रिंक्स नेहमी पिणाऱ्यांत मूतखडे जास्त होतात, हे मोठ्या पाहण्यांत दिसलंय. चहा-कॉफी पिणाऱ्यांत उलट कमी दिसतात. लिंबातलं सायट्रेट तर खडा बनू नये म्हणून मदतच करतं. तुम्हाला डॉक्टरांनी ‘एवढं प्या’ असं सांगितलं की ‘लघवी एवढी झाली पाहिजे’ असं?

सातपूरकर

लघवी अडीच लिटर झाली पाहिजे असं सांगितलं होतं.

परिचारिका_ना

तेच महत्त्वाचं. भट्टीवर घामातच दोन-तीन लिटर जात असतील तर अडीच लिटर लघवीसाठी किती प्यावं लागेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुम्ही साधं पाणी निवडलंत ते चांगलंच केलंत. फक्त लिंबाचं सरबत, बिनसाखरेचं असेल तर, बिनधास्त धरा.

जुना_वाचक

या ‘आठ ग्लास’वाल्या आकड्याच्या मागे मी बराच काळ आहे, म्हणून थोडी भर.

१९४५ साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने सांगितलं होतं की माणसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. तिथेच पुढे असंही होतं, की यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर पसरलं आणि हे मागे राहिलं. २००२ मध्ये हाइन्झ वाल्टिन या किडनीच्या शास्त्रज्ञाने या आठ ग्लासांना काही आधार सापडतो का म्हणून जुने संशोधन चाळलं. निरोगी माणसाने रोज आठ ग्लास साधं पाणी प्यावंच, असं सिद्ध करणारं त्याला काही सापडलं नाही.

२०१० साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने आकडे दिले ते बायकांना दिवसाला २ लिटर आणि पुरुषांना अडीच. अमेरिकेचे २००४ चे आकडे मोठे आहेत, २.७ आणि ३.७ लिटर. दोन्हींत अन्नातलं पाणी, चहा, दूध सगळं धरलेलं आहे. म्हणजे आकडा घ्यायचा सगळ्या पाण्याचा आणि मोजायचं फक्त बाटलीतलं, अशी गफलत आपण करत आलोय.

चहा-कॉफीचं म्हणाल, तर २०१४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली आणि वेगळे तीन दिवस तेवढंच पाणी. अंगातल्या पाण्यात फरक दिसला नाही. कॅफीनने लघवी थोडी वाढते, पण सवय असलेल्याला फार नाही, आणि कपात जेवढं पाणी असतं तेवढं बाहेर टाकण्याइतकी तर नाहीच. आपला चहा कॉफीपेक्षा सौम्य.

२०१६ चा अजून एक प्रयोग वाचण्यासारखा आहे. ७२ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी पेयं एकेक लिटर पाजून नंतर किती लघवी होते ते मोजलं. चहा, कॉफी, कोला साधारण पाण्याइतकेच निघाले. दूध आणि ओआरएस (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी) पाण्यापेक्षा जास्त वेळ अंगात टिकले. दुधात क्षार असतात, प्रथिनं असतात, ते पोटातून सावकाश पुढे सरकतं, म्हणून.

इंदिरानगरची_सई

मग वाईनही धरायची का? आपण नाशिकचे 🙂

जुना_वाचक

नको. अंगात पाणी धरून ठेवायला मेंदू किडनीला ज्या संप्रेरकाने निरोप देतो, ते दारूने दबतं. म्हणून लघवी वाढते. पेय जितकं कडक तितकं जास्त. तहानेसाठी ते मोजूच नये.

निफाडकर

मी द्राक्षवाला माणूस, डॉक्टरकी कळत नाही. पण वेलीचं पाणी कळतं.

ड्रिपमधून आम्ही खत सोडतो. खत मिसळलेलं पाणीही वेलीला पाणीच असतं, ती ते पिते. पण क्षार वाढले तर वेगळाच प्रकार होतो. मातीला हात लावला तर ओली लागते आणि पानाच्या कडा मात्र करपतात. मुळाशी पाणी असून वेलीला ते ओढता येत नाही. आमच्याकडे खारवट बोअरचं पाणी असलेल्या बागांत हे दर उन्हाळ्यात दिसतं. तेव्हा खत बंद करून गोडं पाणी सोडावं लागतं.

माणसाचंही तसंच असावं. ताक, चहा, पातळ सरबत हे हलक्या खताचं पाणी. घट्ट गोड रस हे जास्त खताचं.

माझा प्रश्न मजुरांचा आहे. सध्या एप्रिल छाटणी चालू आहे. माणसं सकाळी सातला बागेत येतात. मी माठ ठेवतो, त्याला ओलं पोतं गुंडाळतो. सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी कॅनमध्ये. गडी पितात. बाया पीतच नाहीत. दुपारी दोनपर्यंत एखादं फुलपात्र. विचारलं तर म्हणतात तहान नाही.

परिचारिका_ना

दादा, खताचं उदाहरण अगदी नेमकं दिलंत. आतड्यातही तेच होतं. फार गोड पाणी आलं तर आधी आतडंच आपलं पाणी त्यात सोडतं. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असलं की मात्र उलट होतं. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. ओआरएस यावरच चालतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी ड्रममध्ये कालवून लोकांना प्यायला दिलं आणि हजारो जीव वाचले. हल्लीच्या प्रमाणात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट.

दिंडोरीची_आई

ओआरएसचा विषय निघाला म्हणून सांगते. मागच्या उन्हाळ्यात लेकीला जुलाब लागले. दुकानातून ओआरएस म्हणून फळाच्या चवीचं खोकं आणलं, दिवसभर तेच पाजलं. जुलाब वाढले. डॉक्टरांनी खोकं उलटं करून साखरेचा आकडा दाखवला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बिचारीला औषध समजून गोड रस पाजत होते. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई याविरुद्ध कित्येक वर्षं झगडत होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली. तरी सगळ्यांनी पुडीवर ‘डब्ल्यूएचओ’ प्रमाण लिहिलंय का ते बघूनच घ्या, आणि एक पुडी किती पाण्यात कालवायची तेही वाचा. लिटरची पुडी ग्लासात कालवू नका.

मास्तरीणबाई

निफाडकर दादा, तुमच्या बायांना तहान लागते. त्या पीत नाहीत कारण नंतर जायचं कुठे, हा प्रश्न असतो.

मी २६ वर्षं शाळेत शिकवलं. त्यातली पहिली नऊ वर्षं अशा शाळेत, की जिथे बायकांसाठी बंद होणाऱ्या कडीचं शौचालय नव्हतं. सकाळी निघताना अर्धा कप चहा, मग घरी येईपर्यंत काही नाही. आम्ही सगळ्याजणी तसंच करायचो आणि कुणी कुणाशी बोलायचो नाही. मला त्या काळात लघवीच्या जागेचा संसर्ग वर्षातून दोन-तीनदा व्हायचा, ताप चढायचा. बाईने किती लिटर प्यावं हे सांगणाऱ्याने तिच्या कामाच्या जागेवर आडोसा आहे का हे आधी विचारावं.

परिचारिका_ना

बाई, तुमचं शब्दन् शब्द पटलं. २०१८ साली एक अभ्यास छापून आला होता. वारंवार संसर्ग होणाऱ्या, पण पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका होत्या, पाळी चालू असलेल्या वयाच्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त दिलं. वर्षभरात त्यांचे संसर्ग सरासरी १.७ झाले, बाकीच्यांचे ३.२. एवढा फरक नुसत्या पिण्याने पडतो. पण प्यायला आधी मोकळीक हवी.

गोदाकाठची ताई, यावरून तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आईंना रात्री किती वेळा उठावं लागतं? आणि बीपीची गोळी कोणती, कधी घेतात? काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं.

गोदाकाठची

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज आईजवळ बसून नीट बोलले. ती रात्री चार वेळा उठते. गुडघे दुखतात, मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते. मागे एकदा घसरलीही होती, आम्हाला सांगितलं नव्हतं. म्हणून चार वाजल्यानंतर ती घोटभरही पाणी घेत नाही. आम्ही समजत होतो तिला पाणी आवडत नाही.

गोळीच्या पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत. ती ही गोळी रात्री जेवल्यावर घेते, विसरायला नको म्हणून.

परिचारिका_ना

पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना हेच सगळं सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका, वेळही स्वतःहून बदलू नका. वाढत्या वयात तहान उशिरा कळते आणि किडनीलाही पाणी राखून ठेवणं पूर्वीसारखं जमत नाही. त्यात एकादशी. जेवणातून साधारण पाचवा हिस्सा पाणी मिळतं. भात, आमटी, भाजी बंद झाली की तेवढं कमी पडतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. एवढं सगळं एकाच दिवशी जुळून आलं आणि वर एप्रिलचं ऊन.

ताकात मीठ कमी घाला, बीपी आहे म्हणून. चहा जेवणाला लागून नको, आधी-नंतर तासभर सोडून घेऊ दे. चहा अन्नातलं लोह अडवतो, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२४ च्या सूचनांतही ते आहे.

गंगापूररोड_पळापळ

उलट बाजूही लिहून ठेवतो, कारण भाऊ खुणांची बाटली घेऊन मागे लागलाय. जास्त पाणीही वाईट. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम (रक्तातलं मीठ) कमी निघालं. धावताना गरजेपेक्षा जास्त ढोसणाऱ्यांत हे जास्त दिसलं. म्हाताऱ्या माणसाला लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम तसंही खाली येऊ शकतं. एकदा रक्त तपासून घ्या.

निफाडकर

मास्तरीणबाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हापासून बागेत पाणी पीत नाही, तुम्ही कधी विचारलं नाही.” दुसऱ्याच दिवशी बागेच्या कडेला जुन्या शेडनेटचा आडोसा करायला घेतला. खड्डा, त्यावर भांडं, दाराला आतून कडी, पाण्याची टाकी. दोन दिवसांचं काम होतं. बारा वर्षं बाग करतोय.

काल दुपारी बाराला माठ रिकामा झाला होता. आता दोन ठेवतो.

मास्तरीणबाई

दादा, डोळे भरून आले. एक झाकणाची बादलीही ठेवा तिथे, पाळीच्या दिवसांत लागते.

गोदाकाठची

थोडा उशीर झाला कळवायला. डॉक्टरांना गोळीची वेळ सांगितली. त्यांनी रक्त तपासलं. सोडियम नेहमीच्या मर्यादेत, पण खालच्या टोकाला आलं. गोळी तीच ठेवली, मात्र सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. महिन्याने पुन्हा तपासणी आहे. गेल्या आठवड्यापासून ती रात्री दोनदाच उठते. मोरीपर्यंत भिंतीला दांडी बसवली आणि रात्रभर छोटा दिवा ठेवतो. संध्याकाळी सात वाजता ती आता आपणहून पाणी मागते.

भावाला पेठच्या बाबांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, चहा धरू. खुणांची बाटली आता तोच ऑफिसला नेतो.

परवा पुन्हा एकादशी होती. आईने उपास सोडला नाही, मीही आग्रह केला नाही. फक्त जेवणातलं पाणी बुडणार म्हणून त्याचं आधीच ठरवून ठेवलं होतं. सकाळी एक शहाळं, दुपारी ताक एक फुलपात्र जास्त, चारला कोकमचं सरबत कमी साखरेचं. देवघराशेजारी जुनी पाटी आहे, तिच्यावर आई दर फुलपात्रामागे खडूने रेघ ओढते. चहाचा कप लहान म्हणून त्याची रेघ आखूड. रात्री झोपताना मोजल्या, नऊ लांब आणि तीन आखूड होत्या.